पोहता येतं का? हो

ओ-पेअर म्हणून जर्मनीला जायचं, तर आधी लांबलचक फॉर्म भरावा लागतो. वर्षभर एका कुटुंबात राहायचं, त्यांचं मूल सांभाळायचं आणि भाषा शिकायची. बदल्यात खोली, जेवण, हातखर्च. सोलापुरातल्या ज्या क्लासला मी जर्मन शिकले, तिथल्या मॅडम शेजारी बसून माझा फॉर्म भरून घेत होत्या. सायकल येते? येते. स्वयंपाक? येतो. पोहता येतं? मी थांबले. आमच्या गावी, कुंभारीला, विहिरीत पोरं उड्या मारायची; पोरी काठावर धुणं धुवायच्या.

"हो लिही गं," मॅडम म्हणाल्या. "तिथं कोण तुला पाण्यात ढकलतंय?"

मी हो लिहिलं.

जर्मनीत ज्या घरी गेले, तिथली बाई शाळेत शिकवायची, नवरा रेल्वेने शेजारच्या शहरात कामाला जायचा. मुलगी पाच वर्षांची. पहिल्याच दिवशी बाई म्हणाली, मला नावानंच हाक मार. चाळिशीच्या बाईचं नुसतं नाव माझ्या तोंडातून निघेना. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मग ताई म्हण की." तेव्हापासून ती ताई झाली.

सकाळी मुलीचा डबा भरायचा: ब्रेड, काकडी, सफरचंदाच्या फोडी. तिला बालवाडीत सोडायचं, कपड्यांच्या घड्या घालायच्या, मग माझा भाषेचा वर्ग. तीन वाजता तिला आणायचं, खेळवायचं, संध्याकाळी अंघोळ घालायची.

जूनमध्ये ऊन तापलं, तशी ताई म्हणाली, "आता बालवाडी सुटली की हिला तळ्यावर नेत जा. तुला पोहता येतं, म्हणून तर तुला निवडलं."

पहिल्या दिवशी मी पोट दुखतंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी ढग आलेत म्हणून तिला घसरगुंडीवर नेलं. तिसऱ्या दिवशी ती ऐकेना. तळ्यावर पोचताच कपडे काढून, दंडाला फुगे लावून सरळ पाण्यात शिरली. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, मग तिचे पाय सुटले. मी काठावरून जर्मनमध्ये ओरडले, मग मराठीत, "अगं मागं फिर! मागं फिर की!" ती हसत हात हलवत होती. मी सलवारीसकट गुडघाभर पाण्यात गेले आणि पुढे पाऊल उचलेना. शेवटी तिथं पोहणाऱ्या एका आजोबांनी तिला धरून माझ्याकडे आणलं. तिला काही झालं नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी ताईला सगळं सांगितलं. "मला पोहता येत नाही. फॉर्मवर खोटं लिहिलं होतं."

ती म्हणाली, "आणि आज काही झालं असतं तर?"

आता परत पाठवणार, असं धरून मी बॅगेतले कागदही बघून ठेवले. सकाळी ती म्हणाली, "तळ्यावर तू एकटीनं न्यायचं नाही. शनिवारी मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गात तुझं नाव घातलंय." आवाजात माया नव्हती. पुढे कितीतरी दिवस ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. दार लावलंस ना? नक्की? मला ते लागायचं, पण बोलायला तोंड नव्हतं.

वर्गात आम्ही पाच जण. माझ्या शेजारी पाण्याला घाबरणारे एक निवृत्त पोस्टमन. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "पवायला शिकतीस? लाज न्हाय वाटत व्हय?" आणि जरा वेळानं, "नाकात पाणी जातंय का गं?"

वर्गाच्या शेवटी परीक्षा होती: तरणतलावाची एक लांबी पोहायची आणि तळाची रिंग उचलून आणायची. पहिल्या खेपेला रिंगच हाती लागेना, नापास झाले. पोस्टमन पास झाले. दुसऱ्या खेपेला रिंग आणली, तेव्हा काठावरून मुलगी इतकी ओरडली, की शिक्षकांनी तिला गप्प बसवलं.

तोवर थंडी सुरू झाली होती. एका बुधवारी ताईला शाळेत उशीर होणार होता. टॉवेलची पिशवी माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "आज तरणतलावावर तुम्ही दोघीच जा. केस नीट वाळव तिचे." आणि बूट चढवून गेली.