आधी जवान, मग दादा

बस्त्यावदादा गेल्याची बातमी घेऊन वटारहून, माझ्या माहेराहून, माणूस आला, तेव्हा मी अर्नाळ्याच्या आमच्या अंगणातले वाळलेले बोंबील उचलत होते. "बागेत फेरी मारून आला, चहा मागितला आणि गेला," एवढंच तो म्हणाला. चहासाठीही थांबला नाही बघा... उभ्या जन्मात कधी घाई न केलेला माझा भाऊ!

दादा पूर्वी फौजेत कॅप्टन होता. दुसरी मोठी लढाई संपल्यावर जपानात इंग्रजांबरोबर आपलीही पलटण ठेवलेली, तिच्यात तो होता. स्वातंत्र्य आलं तसं दिल्लीने सांगितलं, आपली माणसं परत आणा. तिथला बडा साहेब ऑस्ट्रेलियन. तो म्हणे, बदली फौज पुरती येईपर्यंत तुम्ही पहारा देता त्यातलं एकही गुदाम सोडायचं नाही. टोकियोतल्या आपल्या वकिलातीचे अधिकारी दिल्लीचं ऐकणार, साहेब स्वतःचं, आणि या सगळ्यांमध्ये हेलपाटे घालायचे दादाने. तिकडे पंजाब पेटलेला. पलटणीतले कितीतरी जवान पंजाबचे, घरची काही खबर नाही. हवालदार करमसिंगची बायको आणि तान्ही मुलगी तिथेच अडकलेल्या. त्याने जेवण टाकलं होतं.

आमच्या वटारला एक विहीर दोन घरांत असते. एकाची पाळी संपली तरी तो रहाटाचा बैल सोडून जात नाही. दुसऱ्याने कासरा हातात घेतला की मगच निघतो, म्हणजे पाटाचं पाणी थांबत नाही. दादाने साहेबापुढे हेच मांडलं. सगळी बदली फौज येण्याची वाट कशाला? ज्या गुदामावर नवी तुकडी उभी राहिली, तिथला आपला पहारा लगेच बंदरावर! वकिलातीला पटलं. साहेब अडून बसला, मध्येच सगळे पळालात तर जबाबदार कोण? दादा म्हणाला, "मी. शेवटचा कासरा माझ्या हातात." साहेबाला कासरा काय कळला असेल देव जाणे, पण त्याने मान्य केलं.

पहिल्या जहाजात पंजाबी जवान चढले. आईने अंथरूण धरल्याचं मी कळवलं होतं, म्हणून दादाची जागाही त्यातच होती. ती त्याने एका जवानासाठी सोडली आणि स्वतः शेवटच्या जहाजाने निघाला. आई शेवटपर्यंत विचारत होती, "माझा बस्त्याव आला का गो?" तो आला तेव्हा तिच्या क्रूसावरची फुलंही सुकली होती. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो इतकंच म्हणाला, "त्यांना टाकून येता आलं नसतं गो." केवढा मोठा माणूस होता तो! तरी माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हेही लिहिते.

परवा वटारला त्याच्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, विरारहून टांगा आला. पिकल्या दाढीचा एक सरदारजी उतरला, बरोबर शाळकरी मुलगी. पलटणीतल्या जुन्या लोकांना मी कळवलं होतं, त्यातला हा करमसिंग. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बहनजी, इसकी माँ नहीं मिली. ये कैंप में बुखार में पड़ी थी. अगले जहाज से आता, तो ये भी..."

मुलगी प्रवासाने पार दमली होती, बसल्या बसल्या पेंगत होती. दादाच्या घरात मागच्या खोलीत आईची खाट आहे. घरी परतल्यापासून दादा दर रविवारी तिच्यावरची चादर बदलायचा, पण कुणाला टेकू द्यायचा नाही, मलासुद्धा नाही. मी धुतलेली चादर काढून तिथे घातली. "ये बाय, इथे नीज," म्हटलं, आणि तिला झोप लागेपर्यंत तिच्या पायांवर पांघरूण सारखं करत बसले.