चेहरा कसा होता?

आमच्या गल्लीत एखादी बाई वारली की जैतूनखालाला बोलावणं जायचं. मय्यताला शेवटची आंघोळ घालायचं काम तिचं. गुस्ल म्हणतात आमच्यात. निपाणीच्या आमच्या भागातल्या निम्म्या बायका तिच्याच हातून न्हाऊन कब्रस्तानाकडे गेल्या. काम आटोपलं की ओल्या बाह्या पिळत ती चादरीच्या आडोशातून बाहेर यायची. दारातल्या बायका तिला गाठायच्या आणि विचारायच्या, "खाला, चेहरा कसा होता?" खाला प्रत्येक वेळी, प्रत्येकीबद्दल एकच सांगायची, "झोपल्यागत हाय." आणि चपला शोधायला लागायची.

वरवर साधा वाटतो हा प्रश्न, पण तो साधा नाही. चेहऱ्यावर नूर दिसला, म्हणजे तेज दिसलं, तर बाई नेक होती. चेहरा काळवंडलेला असला तर काय समजायचं ते समजा. हे कुठल्या किताबात लिहिलंय ते मला विचारू नका. दारातल्या बायकांना मात्र तिथल्या तिथे निकाल हवा असायचा, आणि खाला काही तो द्यायची नाही. दोनदा हजला जाऊन आलेल्या हज्जनबी गेल्या, तरी झोपल्यागत. रमजानमध्ये चोरून चहा पिते म्हणून बदनाम झालेली एकजण गेली, तरी झोपल्यागत. हज्जनबींच्या सुना तर त्यावरून चांगल्या महिनाभर रुसल्या होत्या. एवढी दोनदा हज केली, त्याचं काहीच कसं दिसलं नाही म्हणे!

खाला दिसायला किडकिडीत, आवाज मात्र असा की गल्लीच्या तोंडाशी बोलली तर मशिदीपर्यंत ऐकू जावं. माहेर कागलच्या बाजूच्या खेड्यातलं. निपाणीत आल्यावर ती आमच्यासारखी दख्खनी उर्दू बोलायला शिकली, भाजीवालीशी कन्नडही बोलायची, पण राग आला किंवा माया आली की गाडी माहेरच्या मराठीवर यायची. दिवसभर उंबऱ्यात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि तोंड अखंड चालू. मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर. गुस्ल देतानाही ती बाह्या वर सारायची नाही, म्हणून तर त्या पिळाव्या लागायच्या. आम्ही त्यावरून तिला चिडवायचो. ती म्हणायची, "तुमास्नी काय करायचंय गं माज्या बाह्यांचं?"

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय खाला कळणार नाही. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि लई शहाणी होते. मराठी शाळेत नोकरी लागलेली, दर गुरुवारी बायकांच्या इज्तेम्याला, म्हणजे धर्माच्या बैठकीला जायचे, चार किताबं वाचलेली. अजान होताना कुणाच्या घरचा टीव्ही चालू राहिला, कुणाच्या सुनेचा दुपट्टा सरकला, सगळ्यावर माझी नजर. घरात अम्मीला भंडावून सोडलं होतं. खालालाही सोडलं नाही. अजान झाली तरी ती हातातली विडी पुरी करूनच उठायची, ते मला खुपायचं. एकदा मी तिला म्हटलं, "खाला, कपड्यांना तंबाखूचा वास घेऊन नमाजला उभी राहतेस, बरं दिसतं का?" ती हसली. "कारखान्यात मुकादम बसतो बग. वाकडी विडी दिसली की छाट म्हणून बाजूला टाकतो. त्येला त्येचा पगार हाय. तुला कोन देतंय गं?"

एवढं होऊनही तिनेच मला हाताशी घेतलं. म्हणाली, "मला वाचता येत न्हाय, तुला किताब येतं. दुवा तू म्हन, पानी तू घाल, मी धुते." मी हुरळून गेले. बोरीचा पाला घालून पाणी कसं उकळायचं, आधी उजवी बाजू का, हाताला कापड गुंडाळल्याशिवाय अंगाला हात का लावायचा नाही, अंगावरची चादर पाण्यानं चिकटली तरी ती हलू कशी द्यायची नाही, सगळं मी तिच्याकडून शिकले. मय्यताशी ती बोलायची. "झालं बाई, आता केस. दुखलं तर सांग हं." पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मग सवय झाली. जाताना दर वेळी तिची एकच ताकीद असायची, "आत बगितलं ते आत."

मुमताजची आई हसीनाबी वारली तेव्हा मी तिसऱ्यांदा खालाबरोबर गेले होते. मुमताज माझी वर्गमैत्रीण, तीन घरं सोडून राहायची. हसीनाबी म्हणजे शांत, सरळ बाई. पाच वेळची नमाज कधी चुकवली नाही. झंपर काढताना खालानं कातरीनं बाही कापली आणि डाव्या हातावर, कोपराच्या खाली, गोंदण दिसलं. तुळशीचं वृंदावन, खाली तीन ठिपके. जुनं, हिरवट पडलेलं. खालानं त्यावरून कापडानं अलगद हात फिरवला, पाणी घालायची मला खूण केली, आणि तिचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. माझा बदलला. आमच्यात गोंदण हराम, आणि त्यात तुळस!

बाहेर आलो. बायकांनी विचारलं, खालानं सांगितलं, "झोपल्यागत हाय." चपला शोधत ती पुढे गेली. मग एकजण माझ्याकडे वळली, "शमीम, तू तर शिकलेली. तू सांग." आणि मला, काय सांगू, बरं वाटलं हो. मला विचारलं म्हणून बरं वाटलं. मी म्हटलं, "चेहरा चांगलाच होता. पण हातावर तुळस गोंदलेली होती. आता एवढ्या वर्षांच्या नमाजचं काय होणार, ते अल्लाहच जाणे." तोंडानं म्हटलं अल्लाह जाणे, पण सूर असा की जणू मलाही थोडंफार ठाऊक आहे.

संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं. फोनवरून पाहुण्यांतही गेलं. हसीनाबीची आई मुळात हिंदू होती का, ही लपून पूजा करायची का, काय वाटेल ते लोक बोलले. तिसऱ्या दिवशी कुराण वाचायला बायका जमतात. मुमताजनं तीस सिपारे, म्हणजे कुराणाचे तीस भाग, चादरीवर मांडून ठेवले होते. वाचायला चौघी आल्या. बाकीच्यांना त्या दिवशी अचानक कामं निघाली. मीही गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

मुमताजच्या दारापुढच्या ओट्यावर सगळं चाललं होतं, ते मी आमच्या खिडकीतून बघत होते. त्या चौघींत खाला होती. तिला अक्षर येत नव्हतं, तरी एक सिपारा मांडीवर घेऊन बसली होती आणि प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत, ओळीओळीला बिस्मिल्लाह म्हणत होती. सगळ्या उठून गेल्या तरी तिचं चाललेलंच. सिपारा संपवूनच ती उठली आणि थेट आमच्या दारात आली. "डोक्यावर चादर घे. चल."

मी रडायला लागले. म्हटलं, "खाला, मी तौबा करते. अल्लाहची माफी मागते."

"अल्लाचं अल्ला बगंल. तू मुमताजची माफी मागायची हाय. आत्ता. चल म्हनते न्हवं."

मुमताज चुलीपाशी बसली होती. मी काय बोलले ते आठवत नाही. ती काय बोलली ते मात्र शब्दन् शब्द आठवतं. आपसात आम्ही दख्खनीच बोलतो, पण इथे मराठीत लिहिते. ती म्हणाली, "सात वर्षांची होती अम्मी. मैत्रिणींबरोबर जत्रेत गेली, सगळ्यांनी हात पुढे केला, हिनंही केला. पुढे कळतं झाल्यावर रोज पाच वेळा नमाजआधी वजूला हातपाय धुताना तो हात घासायची. दगडानं घासायची गं. कातडं सोलायचं. मी म्हणायचे, अम्मी, राहू दे. ती म्हणायची, मेल्यावर लोक बघतील." मग चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "आणि बघितलंच."

खाला भिंतीला टेकून बसली होती आणि पदरानं डोळे पुसत होती. शेवटी मुमताज म्हणाली, "जा. माफ केलं." पण ते उठून दार लावून घ्यायच्या सुरात.

वाटेत मी विचारलं, "खाला, हसीनाबीची माफी कशी मागू?"

"मागता येत न्हाय," ती म्हणाली. "म्हनून तर मी गप ऱ्हाते."

त्यानंतर आठ वर्षं खालानं मला गुस्लाला नेलं नाही. बोलणं सोडलं नाही, उलट जाता-येता हाक मारून चहा पाजायची, माझं लग्न गल्लीतच झालं, त्यात माझ्या अम्मीपेक्षा जास्त मिरवली. पण बोलावणं आलं की पाणी घालायला दुसरीच कुणीतरी घ्यायची आणि माझ्या दारावरून खाली मान घालून जायची. ती शिक्षा मला शिव्यांपेक्षा जड गेली. हसीनाबीसाठी मी रोज दुवा मागत होते, आजही मागते. मुमताज रस्त्यात भेटली की सलामाला उत्तर द्यायची. त्यापुढे एक शब्द नाही.

त्या वर्षांत एकदा धीर करून मी खालाशी वाद घातला. म्हटलं, "मय्यताचा ऐब, काही वाईट दिसलं तर ते झाकावं, हे खरं. पण चांगलं दिसलं तर सांगायला हरकत नाही, असं किताबात आहे. मग हज्जनबींचं तरी सांगायचंस." खालानं विडीला दोरा गुंडाळला. "एकीचं चांगलं सांगितलं आनि दुसरीच्या टायमाला गप बसले, तर त्या गप बसन्यातच लोकास्नी सगळं कळतं की गं. म्हनून सगळ्यांस्नी एकच."

मग म्हटलं, "म्हणजे कोण दीनदार, कोण धर्मानं वागणारं, हे माणसानं ओळखायचंच नाही?"

"पोरगी द्यायची आसंल तर ओळख की. खोटं बोलतो का, बायकूला मारतो का, चार घरी जाऊन इचार. त्येवडं आपलं काम हाय. पर त्यो सजद्यात डोकं टेकून काय मागतो, आनि अल्ला त्येला काय देतो, त्यात तू कशाला डोकावतीस? म्या एवड्या बाया धुतल्या. सगळ्या हलक्या लागत्यात बग हाताला. कोन जड, कोन हलकी, मला कदी कळलं न्हाय."

गेल्या बकरी ईदनंतर खाला आजारी पडली. खोकला होताच, तो छातीत बसला. मी रोज शाळा सुटल्यावर जात होते. विड्या बंद झाल्या होत्या तरी बोटं पांघरुणाची कड वळत राहायची. एका सकाळी शाळेत फोन आला, खाला गेली म्हणून. पोचले तर तिची सून दारातच उभी. म्हणाली, "सासू सांगून गेलीये. शमीम धुवील, मुमताज पानी घालील. तिसरी कोन नगं."

मी उंबऱ्यातच बसले. आठ वर्षं तिनं मला त्या आडोशाआड येऊ दिलं नाही, आणि आता स्वतःलाच माझ्या हातात दिलं होतं. तेवढ्यात मुमताज आली, डोक्याला पदर घट्ट गुंडाळून. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पाल्याचं पाणी हातानं चाचपलं आणि म्हणाली, "कोमट आहे. चल."

आम्ही दोघी आडोशाआड गेलो. अंगावर चादर घातली. खालानं शिकवलं होतं तसं मी तिच्याशी बोलत राहिले. "खाला, आता बाही कापते हं. दुखलं तर सांग." कातर घेतली. ज्या बाह्यांवरून आम्ही तिला जन्मभर चिडवलं, त्या मी माझ्या हातानं मनगटापासून खांद्यापर्यंत कापल्या. आधी उजवी, मग डावी. मुमताज तांब्या घेऊन समोर उभी होती. जे मी बघितलं ते तिनंही बघितलं. तिच्या हातातली धार थांबली नाही.

तिथे काय होतं, किंवा काहीच नव्हतं, ते मी लिहिणार नाही. तीन वेळा पाणी घातलं, शेवटच्या पाण्यात कापूर. केसांच्या वेण्या घातल्या, कफन गुंडाळलं. हाताला हलकी लागली, एवढं मात्र सांगते. ते ती स्वतःच सगळ्यांबद्दल सांगायची.

बाहेर आलो तर दारात ही गर्दी. एवढ्या जणींना न्हाऊ घालणाऱ्या बाईचा चेहरा कसा असेल, याची उत्सुकता गल्लीला असणारच. हज्जनबींची थोरली सून सगळ्यांच्या पुढे होती. "शमीम, चेहरा कसा होता गं खालाचा? नूर होता?" मी मुमताजकडे बघितलं.

"झोपल्यागत," मुमताज म्हणाली.

ती गर्दीतून वाट काढत नळापाशी गेली. मीही गेले. दोघी बाह्या पिळत उभ्या राहिलो. मग माझ्याकडे न बघताच मुमताज म्हणाली, "शमीम, माझ्या वेळेला तूच ये. दुसरं कुणी नको."

मला रडू आवरेना. नाक पुसत मी कसंबसं म्हटलं, "आणि मी आधी गेले तर?"

"मग मी आहेच की," ती म्हणाली, आणि माझी दुसरी बाही हातात घेऊन पिळायला लागली.