ड्रम झिजलाय म्हणे

समुद्रपूरच्या तहसील कचेरीसमोर मंदाताईंचं झेरॉक्स मशीन बंद पडलं होतं आणि दुकानाबाहेर जातीच्या दाखल्याचे कागद घेऊन लोक उभे होते. जूनचे दिवस, कॉलेजचे प्रवेश तोंडावर. मशीनच्या स्क्रीनवर एकच ओळ होती, ‘ड्रम बदला.’ मी त्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. वर्धा जिल्हा माझ्याकडे होता.

“दादा, हे कालची शेवटची कॉपी. कुठं डाग तरी हाये का? मंग मशीन काऊन बंद झाली?” मंदाताईंनी विचारलं. एका पायाने अधू बाई. घर या एका मशीनवर चालायचं.

कॉपी लख्ख होती. ड्रम म्हणजे मजकूर आधी ज्यावर उमटतो तो रूळ. तो झिजला की कॉपी पुसट येते, काळ्या रेघा येतात. इथे तसलं काहीच नव्हतं. पण आत एक काउंटर असतो. ठरलेल्या कॉप्या झाल्या की तो मशीन बंद करतो, मग ड्रम धडधाकट का असेना.

नागपूरच्या मॅनेजरला फोन लावला.

“वो ड्रम बंद हो गया. मॉडेलच बंद केलं कंपनीनं. एक्स्चेंजमध्ये नवीन मशीन दे.”

“सर, मशीन दोन वर्षांचंही नाही. काउंटर झिरो केला तर चालेल.”

“कोड टाकला तर नोकरी गेली समज.”

काउंटर झिरो करायचा कोड मला पाठ होता. चार बटणांचं काम. तरी मी आत जाऊन म्हणालो, “ताई, मशीन संपलं.”

“संपलं? दोन वर्षांत?” त्यांनी पिशवीतून बिल काढलं. “मले कोणाले तरी विचारा लागते मंग.”

त्यांनी वर्ध्याच्या ग्राहक मंचात विचारलं. वकील न लावता, साध्या कागदावर तक्रार लिहून. कंपनीने उत्तर दिलं की बाई धंदा करतात, म्हणून त्या ग्राहकच नाहीत, वॉरंटी संपली, आणि ड्रम पूर्ण झिजला. या शेवटच्या मुद्द्यासाठी माझ्या नावाचं शपथपत्र टाइप होऊन आलं. फक्त सही करायची. दुकानात एकदा खोटं बोललो होतो, आता तेच शपथेवर बोलायचं? मी सही केली नाही. मंदाताईंना फोन करून सांगितलं, “पुढच्या तारखेला मशीन घेऊन या. मी येतो.”

मालवाहू ऑटोतून मशीन मंचात आलं.

“हा आमचाच कर्मचारी आहे!” कंपनीचे वकील उठून म्हणाले.

“मग मशीन त्यालाच कळत असणार,” अध्यक्ष म्हणाले. “दाखवा चालू करून.”

मी चार बटणं दाबली. अध्यक्षांनी समोरचा कागद पुढे केला. ते कंपनीचंच लेखी उत्तर होतं. ‘ड्रम पूर्णपणे झिजल्याने कॉपी निघणे अशक्य,’ हे वाक्य कॉपीत अक्षर न् अक्षर स्वच्छ उमटलं.

मंचात हशा पिकला. मंदाताई हसल्या नाहीत. “साहेब, चार महिने झाले. माह्या दुकानापुढून लोक दुसरीकडं जाऊन राह्यले.”

मंचाने निकाल दिला. पोटापाण्यासाठी स्वतः मशीन चालवणारी बाई ग्राहकच आहे. काउंटरची गोष्ट लपवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ड्रम द्या नाहीतर मशीनची किंमत परत करा, आणि बुडालेल्या दिवसांची भरपाई द्या. कंपनी अपिलात गेली, तिथेही हरली. त्यानंतर तो ‘बंद झालेला’ ड्रम आठवड्याभरात कुरिअरने समुद्रपूरला पोचला. म्हणजे तो गोदामात पडूनच होता!

माझी बदली थेट ओडिशात झाली. मी राजीनामा दिला आणि पिपरी मेघेत दुरुस्तीचं दुकान टाकलं.

त्याआधी तळेगावात, गिरडला, हिंगणघाटात मी कितीतरी चांगली मशीनं संपली म्हणून सांगितली होती. त्या लोकांनी विश्वास ठेवला, मला चहा पाजला आणि नवीन मशीन घेतलं. म्हणून सांगतो, मेकॅनिक ‘संपलं’ म्हणाला की त्याच्याकडून ते सहीनिशी लिहून घ्या. माझ्याकडे तेव्हा कुणी मागितलं असतं, तर मी दिलं नसतं.