संदेशला सांगितलेला आकडा

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट मनाला खातेय, म्हणून लिहितोय.

गावाहून भावकीतल्या संदेशचा फोन आला. परळच्या एका ऑफिसात नोकरी मिळतेय त्याला. म्हणाला, "दादा, तीस हजारात मुंबईत भागेल ना रे?"

मी सुरूच झालो. "वेडा आहेस का? इथे नीट राहायचं तर लाखभर तरी हवेत. डिपॉझिट, भाडं, खाणावळ... तीस हजार कुठे गेले ते कळणारही नाही."

तरी तो फोन ठेवेना. कशासाठी थांबलाय ते मला कळत होतं. मी भाड्याचे आकडेच सांगत राहिलो. शेवटी म्हणाला, "बरं, मग नाही म्हणून कळवतो त्यांना."

खरं सांगू? लाखभर पगार मलाही नाही. लालबागच्या चाळीत खोली आहे, भाडं नावापुरतं, म्हणून आमचं व्यवस्थित चाललंय. पोटमाळा आत्ताच लेकीला अभ्यासासाठी करून दिलाय. तिथे संदेशची वळकटी मला नको होती, बस.

आई शेजारीच मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझे बाबा मुंबईक इले, तेव्हा संदेशच्या आजोबांकडेच रवले. ह्याच खोलीत. पगार किती, ता कोणी इचारूक नाय."

तेव्हापासून संदेशला फोन लावायला म्हणून मोबाईल हातात घेतोय, आणि आता तुम्हाला लिहीत बसलोय.

तुम्हाला कोणी असं विचारलं, तर काय सांगता? आकडा, की "ये, आमच्याकडे राहा"?