वर्गाच्या नकाशावरची खडपं

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी काही महिने शाळेत शिकवायला जावं लागतं. मला आमच्याच गावची शाळा मिळाली. श्रीवर्धनच्या बाजूला समुद्राला लागून आमचं गाव आहे. अर्धं गाव भातशेती करतं, अर्धं बोटीवर जातं. मी बोटीवाल्यांच्या घरातली. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथे कुठे काय बोलायचं हे मला नेहमी दुसऱ्यांकडे बघून ठरवावं लागायचं. आपल्या गावात तरी तसं बघावं लागणार नाही, असं वाटून मी निर्धास्त होते. चुकले ती तिथेच.

मला आठवीचा भूगोल दिला होता. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात आमचा सगळा किनारा नखाएवढा. आपलं गाव कुठे आहे विचारलं की मुलं मुंबईवर बोट ठेवायची. म्हणून मी ऑनलाइन नकाशा दाखवायचं ठरवलं. शाळेच्या संगणक खोलीत तीन संगणक चालू होते, एक प्रोजेक्टर होता, आणि नेट माझ्या मोबाइलचं. पडद्यावर गावाचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र आलं आणि वर्ग बाकांवरून उठून पुढे आला.

"ती आमची म्हैस हाय."

"म्हैस न्हाय ती, पाण्याची टाकी हाय. तुझी म्हैस टाकीएवढी हाय व्हय?"

मी त्यांना गप्प करायला हवं होतं, पण मलाच हसू आलं.

मग मी सगळ्यांचा मिळून एक नकाशा तयार केला. घरातलं माणूस कामाला जातं ती जागा शोधायची, तिथे खूण टाकायची आणि दोन ओळी लिहायच्या. शेतीवाल्यांच्या मुलांनी आपापली खाचरं दाखवली. एकीने हरिहरेश्वरच्या देवळाजवळचा आईचा नारळाचा ठेला दाखवला. एकाचे वडील उरणला ट्रेलर चालवतात, त्याने बंदर दाखवलं. आणि सात मुलांनी खुणा टाकल्या त्या थेट समुद्रात. त्या बघून मला सगळ्यात जास्त आनंद झाला. एका मुलीने लिहिलं होतं, 'इथे पाण्याखाली खडप आहे. माझे बाबा इथे गळ टाकतात. ताम मासा मिळतो.' त्याच खुणांवर मी अक्षांश आणि रेखांश शिकवले. खुणेवर टिचकी मारली की आकडे दिसतात, ते मुलांनी वहीत उतरवले.

पाठ बघायला कॉलेजच्या मॅडम आल्या होत्या. मागच्या बाकावर बसून त्यांनी वहीत 'उत्तम' लिहिलं आणि इतरांनाही बघू दे म्हणून नकाशाची लिंक मागितली. मी ती कॉलेजच्या ग्रुपवर टाकली. मग राहवलं नाही म्हणून पालकांच्या ग्रुपवरही टाकली. तो शनिवार होता.

खडप म्हणजे समुद्राच्या तळाचा खडक. आमच्याकडे तळाला बहुतेक चिखलच आहे, त्यामुळे जिथे खडक तिथे चांगला मासा धरून असतो. अशा एकदोन जागा एकेका घराला ठाऊक असतात. पूर्वी देवळाचा कळस आणि डोंगरातली खिंड एका रेषेत आली की जागा आली असं ओळखायचे. आता बोटीवर जीपीएस आहे, पण परका माणूस बोटीवर आला की बाबा त्या यंत्रावर टॉवेल टाकतात. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. आमची खडपं कुठे आहेत हे मलाही माहीत नाही. इतकं सगळं माहीत असून मी मुलांना ते वर्गपाठ म्हणून दिलं, आणि ते करताना एकदाही माझ्या मनात काही आलं नाही.

रविवारी दुपारी काका आले. बाबांचे चुलतभाऊ. ओटीवर बसले, पाणी दिलं ते घेतलं नाही. त्यांच्या फोनवर आमच्या नकाशाचा फोटो होता. उरणकडच्या मेव्हण्याने पाठवलेला. कॉलेजातली माझी एक मैत्रीण तिकडची आहे, तिच्याकडून तो गेला असणार.

"ही सात टिंबं कुणाची?"

मी सांगितलं.

"आन् हे खडप-खडप कुणी लिवलंय?"

"मुलांनी. मीच सांगितलं होतं लिहायला."

काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मोठ्या जाळ्याच्या बोटी येतील बाय. एका फेरीत साफ करून जातील. मग तू शिकव अक्षांश."

ते गेल्यावर मी लिंक बंद केली. पण फोटो कुठे कुठे गेला होता कोण जाणे. त्या निळ्या चित्रात कुठली खूण खरी जागा दाखवते हे मला कळणं शक्य नव्हतं, आणि काका कळस-खिंडीच्या काळातले, त्यांनाही फोटोवरून किंवा आकड्यांवरून सांगता येत नव्हतं. सांगू शकणारे, बाबांसकट, बोटीवर होते. शुक्रवारी गेलेल्या बोटी सोमवारी सकाळी येणार होत्या, तोवर फोन लागत नाही. आई ओसरीवर सुकट निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"एवढी शिकलीस आन् ह्ये न्हाय कळलं?" ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "जेव आधी."

मला जेवण गेलं नाही. सात घरं होती. त्यांतल्या काहींची लग्नं, बारशी मी जेवले आहे. त्यांची जागा माझ्यामुळे गेली, तर मी त्याच गावात कुठल्या तोंडाने वावरणार, हाच विचार येत राहिला.

सोमवारी सकाळी मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. काका आधीच आलेले. बाबा बोटीतून टब उतरवून घेत होते. ते टब धूत असतानाच मी सगळं सांगून टाकलं, मध्ये न थांबता. त्यांनी हात पुसले आणि फोन मागितला.

"उलटा धरलायस काय?"

"नाही बाबा. वर उत्तर आहे."

त्यांना चित्राशी काही घेणं नव्हतं. मी पहिल्या खुणेवर टिचकी मारली, आकडे आले. बाबांनी ते ओठांतल्या ओठांत वाचले. पुन्हा वाचले. "ही कुणाची?"

मी ताम लिहिणाऱ्या मुलीचं नाव सांगितलं. तिचे वडील शेजारच्याच बोटीवर जाळं झाडत होते. बाबांनी त्यांना हाक मारली, "अरे, तुझा ताम चिखलात ऱ्हातो काय?"

ते उतरून आले, आकडे बघितले आणि हसायलाच लागले. "माझीच पोर ती. तिथं ताम कसला, खेकडा पण मिळायचा न्हाय."

दुसरी खूण मोठ्या जहाजांच्या वाटेवर निघाली, जिथे कोणी जाळं टाकत नाही. तिसरी वाळूच्या पट्टीवर. चौथी बघून बाबा म्हणाले, "हा तर हरिहरेश्वराच्या दगडांवर उभा राहून गळ टाकतोय." धक्क्यावरचे चारपाच जण जमले. एकेका खुणेवर हशा. सातातली एकही जागा खरी नव्हती. शेवटची खूण काकांच्या नातवाची, आमच्या धक्क्याच्या तोंडाशी, जिथे बर्फाची खोकी धुतात. काकांनी फोन लांब धरून, जवळ धरून बघितला. मग मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "घरच्यांनी बरं शिकवलंय."

मी तिथेच एका उलट्या टबावर बसले. बाबा म्हणाले, "बस, बस. पण तो वल्ला हाय."

शाळेत गेल्यावर मी त्या मुलीला विचारलं. ती मला वर्गात मॅडम म्हणते, वाटेत ताई. तेव्हा गोंधळून दोन्ही म्हणाली. "ताई, मॅडम, खरी जागा कोन सांगतं?"

"मग मला तरी सांगायचं होतंस, की ही खोटी आहे म्हणून."

"तुमाला ठाव असंल वाटलं. तुमी आपल्यातल्याच ना."

मी तिला वर्गात पाठवलं आणि फोन काढला.

मॅडमना फोन करून मी खरं ते सांगितलं. पाठात वापरलेल्या सातही जागा खोट्या होत्या आणि वर्गपाठच चुकीचा दिला होता, असं. 'उत्तम' खोडलं जाईल अशी मनाची तयारी केली होती. त्या म्हणाल्या, "आकडे वाचता आले ना मुलांना? मग पाठ पुन्हा घे. या वेळी सगळ्यांना दिसतात त्याच जागा घे." मी समुद्रातल्या खुणा काढल्या, नकाशा फक्त वर्गापुरता ठेवला आणि पालकांच्या ग्रुपवर माफी मागून तसं लिहिलं.

संध्याकाळी काकांचा आवाजी संदेश आला. "बाय, तेवढं काढायची घाई केलीस. ऱ्हाऊ दिलं असतंस, तर दोनचार मोठ्या बोटी चिखलात फिरून गेल्या असत्या." मागे कोणीतरी हसत होतं.

मी तो दोनदा ऐकला. मग स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, भूक लागली आहे.