बोटां दाखव आधी

मावशी कुणाच्याही घरी गेल्या की आधी तिथल्या लहान मुलाची मूठ उघडून बोटं चाचपायच्या. "बोटां दाखव आधी," हे त्यांचं नमस्काराच्या जागी असायचं. मोठी माणसंही सुटत नसत. आमच्या ह्यांची नखं वाढलेली दिसली, की त्यांना चारचौघांत ओरडा बसे. अशी एक बाई तुमच्याही इमारतीत असेल. सगळ्यांची काळजी अंगावर ओढून घेते आणि वर आपल्यावरच चिडते.

आमची इमारत बोरीवलीला, डोंगराच्या अंगाला. मावशी माझ्या खोलीच्या बरोबर वरच्या खोलीत राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, तो गेला. इमारतीतली बहुतेक बाळं त्यांच्याच पायांवर न्हालेली.

त्यांचा एकुलता मुलगा खडीच्या खाणीवर कामाला होता. तिथे दगडाखाली त्याला एक पाल सापडली. आपल्या भिंतीवरची नव्हे. ही अंगावर ठिपके, जाड शेपूट, आणि मिटता येतील असे डोळे असलेली, जमिनीवरून सावकाश चालणारी. त्याने ती माशांच्या जुन्या काचपेटीत ठेवली. पुढे त्याला मस्कतची नोकरी लागली. जाताना तो आईला म्हणाला, "हिला सांभाळ. परत येईन तेव्हा मला ही अशीच दिसली पाहिजे."

तो बोलून मोकळा झाला आणि मावशींच्या जिवाला घोर लागला. त्यांना पालीची मनस्वी किळस. शेजारी सांगत, की ही विषारी असते, फुंकर मारली तरी माणूस आडवा होतो. पण पोराची वस्तू होती. नाकाला पदर लावून त्या तिला झुरळं घालायच्या. हा माल आमच्या इमारतीत कधी कमी पडला नाही.

पालीची कात निघते हे त्यांना पावसाळ्यात कळलं. अंग पांढुरकं पडायचं आणि दुसऱ्या दिवशी पाल नवीकोरी. टाकलेली कात ती स्वतःच खाऊन टाकायची. मावशींना ते फार आवडलं होतं, केर काढावा लागत नाही म्हणून.

मग थंडी आली. अंग पांढरं पडलं, पण कात सुटेना. मावशींनी अंदाज बांधला, की पोर गारठलंय. त्यांच्याकडे गारठ्यावर एकच इलाज, शेगडी. बाळाला देतात तसा त्यांनी पेटीला निखाऱ्यांचा शेक दिला, वर ओव्याची धुरी. दोनदा दिली. त्याने उरलीसुरली ओलही गेली. अंगावरची कात फाटून निघाली, पण बोटांवर सुकून आवळून बसली. एके सकाळी पेटीत पायाचं एक बोट गळून पडलेलं त्यांना दिसलं.

त्या माझ्या दारात आल्या. "तेका काय सांगू गो मी?" एवढंच पुन्हा पुन्हा. उरलेली बोटंही काळवंडत होती. प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गाई-कुत्री पाहिली होती, ही नव्हती.

माझी मुलगी तेव्हा नुकतीच झालेली. इतकी काळजी असूनही मावशी तिला न्हाऊ घालायला आल्याच. बाळाच्या पायाची कातडी पापुद्र्यांनी सुटत होती, ती मी सोलायला गेले. मावशींनी माझ्या हातावर चापट मारली. "ओढू नको. भिजू दे, आपसूक सुटता." आणि त्यांचा पाणी घालणारा हात थांबला. बाळाला माझ्या मांडीवर ठेवून त्या तशाच ओल्या पायांनी वर गेल्या.

मी बाळाला निजवून वर गेले, तर त्यांनी एका मडक्याचा काठ फोडून दार केलं होतं. आत भिजवून पिळलेला काथ्या. मडकं पेटीत पालथं घातलं होतं आणि पाल आत शिरली होती. मावशी समोर बसून होत्या. मधूनच आत हात घालून काथ्या चाचपायच्या. ज्या पालीला बघून त्यांना शिसारी यायची, तिच्या अंगाला त्यांचा हात लागत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेर आली. बोटं मोकळी होती. गेलेलं सोडून सगळी शाबूत. मावशी तोंडात पदर कोंबून रडल्या.

त्यानंतर काथ्या कधी सुकला नाही, पण ते एक बोट त्यांना खात राहिलं. मुलगा येणार कळलं तेव्हा त्यांना जेवण जाईना. तो आला, टेपरेकॉर्डर लावून बसला. मावशींनी चहासुद्धा दिला नव्हता. त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "एक बोट गेला तिचा. माझ्या हातान."

"कुणाचं?" त्याने विचारलं. मग पेटीकडे बघून हसला. "अगं, ही अजून आहे?"

पोरगा वाईट नव्हता, विसरला होता इतकंच. मावशी चहा टाकायला आत गेल्या.

त्याने लग्न करून मुलुंडला घर घेतलं आणि आईला नेलं. सुनेला पालीची भीती, म्हणून पेटी माझ्याकडे आली. टॅक्सीत बसल्यावर मावशींनी माझ्या मुलीची मूठ उघडून बघितली आणि मला म्हणाल्या, "काथो सुकूक देव नको."

पुढचा हिवाळा यायच्या आत त्या गेल्या.

त्या थंडीत पाल पांढरी पडली. काथ्या भिजवून मी दिवसभर पेटीपाशी घुटमळत होते. संध्याकाळी ती बाहेर आली. मी एकेक बोट बघितलं, मोकळं होतं. आनंदाच्या भरात मी जिना चढून वर गेले आणि कडी वाजवली. दार उघडलं ते नव्या भाडेकरूंनी. त्यांना काय सांगणार होते? साखर मागितली आणि खाली आले.