वारुळातला मोजा

…आणि तो मोजा धुतलेला नव्हता, हे काल सांगायचं राहिलंच. धुतलेल्याचा उपयोग काय? आमच्या कू-ची गावाखाली, अमेरिकन फौजेपासून लपायला खणलेल्या भुयारांना हवा यायची ती वारुळांच्या भोकांतून, आणि अमेरिकन शिपायांची कुत्री नेमकी तीच हुंगत फिरायची. म्हणून आमच्यातली लुआ त्यांच्याच छावणीच्या उकिरड्यावरून घामट मोजे वेचून आणायची आणि भोकात कोंबायची. कुत्र्याला वाटावं, इथं आपलाच माणूस बसलाय. माहेरी दोनदा अंघोळ केल्याशिवाय जेवायला न बसणारी ही बाई. मोजे हाताळले की तिला घास उतरत नसे. खाली तर पू, घाम आणि मुताची कोंदट घाण होतीच.

त्या दिवशी तिच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं. वर बाँब पडोत नाहीतर आभाळ, बापाच्या आवडीचं पान वाढलं नाही तर आमच्यात तोंड दाखवायला जागा नाही. धाकट्या दिरानं, खोयनं, कुठूनसा मासा पैदा केला आणि भुयारातल्या चुलीवर मासळीच्या खाऱ्या रसात रटरटत ठेवला.

"भावजी, धूर लांब नेऊन सोडाल, वासाचं काय कराल?"

"बाबा वर्षभर उपाशी आहेत, वहिनी."

"आणि खालच्या खोलीत तुमचा भाऊ पाय तुटून पडलाय. तो अजून जिवंत आहे."

खोयनं रस्सा ढवळला.

एवढ्यात वर कुत्रं भुंकलं.

लुआ रांगत भोकाखाली गेली. मोजा खाली घसरला होता. तिनं तो दोन बोटांनी वर रेटून धरला. तोंड बरोबर त्याच्या खाली. कुत्रं हुंगत राहिलं. मासा आणि धनी एकाच बिळात कसे, ते काही त्याला उमगेना. शेवटी त्यानं कुत्र्याचा न्याय केला: तंगडी वर केली.

धार मोज्यातून पाझरून तिच्या कपाळावर, नाकावर, ओठांवर आली. पुसायची सोय नाही, थुंकायची नाही. खोकली असती तर नवऱ्यासकट सगळे गेले असते. वर शिपाई हसला, शीळ घातली, कुत्रं निघून गेलं.

ती परत आली तेव्हा पान वाढून झालं होतं. खोयनं मान खाली घालून वाटी पुढं केली. "प्रसाद घ्या, वहिनी. बाबा तृप्त झाले."

लुआ म्हणाली, "मला आधी तोंड धुवायला पाणी द्या, भावजी. आणि मामंजींना सांगा, पुढच्या वर्षी उकडलेल्या कंदावर भागवा, नाहीतर मोजा धरायला तुम्ही स्वतः या."